काठीची वाट आणि दुबईचा व्हिसा

अक्कलकुवा मागे पडले की मोलगीचा रस्ता देवगोई घाटाने सातपुड्यात चढू लागतो. मार्चमध्ये सागाची पाने गळून गेलेली असतात, डोंगर उघडे पडलेले असतात आणि त्या करड्या उतारांवर पळस तेवढा लालभडक दिसतो. वस्ती एका जागी नसते. एक घर या टेकडीवर, दुसरे समोरच्या उतारावर, मध्ये ओढा. अशा पाड्या-पाड्यांचे मिळून एक गाव होते. मोलगीच्या परिसरातले काठी हे असेच एक गाव. नाव छोटे, पण नंदुरबार जिल्ह्यात त्याला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही.

इंग्रजी अमदानीत खानदेशच्या मेवासी संस्थानांमध्ये काठीची गणना होत असे. संस्थान गेले, पण त्याची राजवाडी होळी राहिली. तेराव्या शतकापासून ही परंपरा चालत आल्याचे गावकरी सांगतात. जंगलातून निवडून आणलेला एकच उंच, सरळ बांबू शेकडो हातांनी उभा केला जातो आणि पहाटे होळी पेटते. कमरेला भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर राखेचे ठिपके असे बावा आणि बुध्या रात्रभर ढोलाच्या तालावर नाचतात. ज्यांनी नवस केलेला असतो ते त्याआधी काही दिवस ‘पालनी’ पाळतात. खाटेवर बसायचे नाही, जमिनीवर झोपायचे, संयमाने राहायचे. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून लोक येतात. पण पर्यटकांपेक्षा मोठी गर्दी असते ती घरी परतणाऱ्यांची. दिवाळीनंतर मजुरीला गेलेली माणसे होळीला काठीत आणि आसपासच्या पाड्यांवर परत येतात.

2025 मध्ये होळी रमजानमध्ये आली. तिला चार दिवस उरले असताना, एका रविवारी, मी भाईजानबरोबर काठीला गेलो. आम्ही होळी पाहायला गेलो नव्हतो. भाईजानना हिशेब मिटवायचे होते.

भाईजान तीस वर्षे आमचूरचा व्यापार करतात. या डोंगरात गावठी आंब्याची झाडे अमाप आहेत. एप्रिल-मेमध्ये बायका कैऱ्या सोलतात, चिरतात, खडकावर वाळवतात. तो आमचूर मोलगीच्या बाजारात येतो आणि तिथून दूरदूर जातो. भाईजान आता अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. मुलगा, सून आणि दोन नातवंडे शारजात आहेत. भाभीजानचे गुडघे दुखतात आणि जीव नातवंडांत अडकलेला असतो. म्हणून घरात एक बेत शिजत होता. हमरस्त्यालगतचे गोदाम विकायचे आणि संयुक्त अरब अमिरातीचा निवृत्तांचा व्हिसा घ्यायचा.

या व्हिसाची चौकशी आजकाल आपल्या बऱ्याच घरांत होते, म्हणून त्याचा हिशेब जरा नीट सांगतो. नोकरी किंवा व्यवसायाची किमान 15 वर्षे झालेली असावीत किंवा निवृत्तीच्या वेळी वय 55 असावे. शिवाय 10 लाख दिरहमची मालमत्ता किंवा तेवढीच बचत किंवा महिन्याला 20 हजार दिरहम उत्पन्न दाखवावे लागते. दुबईत उत्पन्नाची ही अट 15 हजार दिरहम आहे. व्हिसा पाच वर्षांचा असतो आणि अटी पुऱ्या होत राहिल्या तर नूतनीकरण होते. 10 लाख दिरहम म्हणजे आपले सव्वादोन कोटींहून अधिक रुपये.

इथे एक मेख आहे. भारतात राहणाऱ्या एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते. 10 लाख दिरहमचे डॉलर होतात सुमारे 2 लाख 72 हजार. म्हणजे एका माणसाच्या एका वर्षाच्या मर्यादेत ही रक्कम बसतच नाही. नवरा-बायकोच्या नावाने मिळून पाठवावी लागते किंवा काही 31 मार्चपूर्वी आणि काही 1 एप्रिलनंतर. ठरावीक रकमेच्या वर बँक 20 टक्के कर आधीच कापून घेते. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. भाईजानची घाई होती ती याच 31 मार्चसाठी.

असे व्हिसे फक्त आखातात आहेत असे नाही. स्पेनमध्ये एका माणसाला महिन्याला 2,400 युरोंची सोय दाखवावी लागते, कुटुंबातील प्रत्येक जादा माणसामागे आणखी 600, आणि तिथे काम करायचे नाही अशी अट असते. पोर्तुगालमध्ये तिथल्या किमान वेतनाइतके, म्हणजे 2025 साली महिन्याला 870 युरो इतके, घरभाडे किंवा पेन्शनसारखे उत्पन्न पुरते. मलेशियाच्या योजनेत 2024 पासून सिल्व्हर श्रेणीला दीड लाख डॉलरची ठेव लागते. सौदी अरबने 2019 मध्ये आणलेल्या कायम निवासासाठी एकरकमी आठ लाख रियाल मोजावे लागतात. ठेवीची अट असेल तिथे व्याजाचा प्रश्न येतो. तो आधीच जाणकार आलिमांना विचारावा, सही झाल्यावर नाही. घरभाडे किंवा पेन्शन चालत असेल तर वाट सोपी.

देश वेगळे, आकडे वेगळे, पण मागणी एकच आहे. आमच्याकडे या, राहा, मात्र आमच्यावर भार होऊ नका. यजमान देशाने एवढे विचारले तर त्यात गैर काही नाही. भाईजाननी सगळे आकडे एका कागदावर मांडले होते आणि तो कागद खिशात घेऊनच आम्ही डोंगर चढलो.

काठीत आमची वाट पाहत होते एक गुरुजी. भाईजानचे जुने स्नेही, स्वतः भिल्ल समाजाचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी घरात चहा सांगितला आणि लगेच हात हलवून थांबवला. “अरे, तुमचा रोजा असेल ना! आमच्याकडेही आता पालनीवाली माणसं आहेत. तुमचा महिना, आमचे थोडे दिवस.”

गुरुजींबरोबर आम्ही पाडे फिरलो. दोन-तीन घरांचे देणे भाईजाननी चुकते केले, दोन घरांची जुनी उधारी सोडून दिली. मग एका म्हाताऱ्या मावशींकडे आलो. बांबूच्या कुडाचे, कौलारू घर. शेणाने सारवलेले अंगण. मावशी दोन नातवंडांना घेऊन बसल्या होत्या. त्यांचा मुलगा आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेले. तिकडे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. होळीला दोघे परत यायचे होते. कोणत्याही क्षणी गाडी येईल म्हणून पोरांची नजर वाटेवर होती.

भाईजाननी हिशेब सांगितला आणि जायचा बेतही सांगितला. मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “शेठ, मग यंदा आमचूर कोणाला घालायचा?”

भाईजान म्हणाले, “मोलगीत व्यापारी पुष्कळ आहेत, मावशी.”

“व्यापारी आहेत. काटा कोणाचा बघायचा?”

या प्रश्नाला भाईजानकडे उत्तर नव्हते. विषय बदलायला मी विचारले, “मुलगा-सून चार महिने नाहीत, मग तुमचं कसं चालतं?” मावशींनी आत बोट दाखवले. अंधारात बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली कणगी उभी होती. “पोरगा कणगी भरून गेला. ती भरल्याशिवाय तो घराबाहेर पाय टाकत नाही.” कणगी आता तळाला आली होती, पण होळीही आली होती.

परतताना गुरुजी बरेच बोलले. ते म्हणाले, आमची माणसे दरसाल दुसऱ्याच्या मुलखात जातात, तिथे त्यांच्याकडे हात सोडून दुसरी ठेव नसते. निदान रेशनचे धान्य तिकडेही मिळावे म्हणून दुसऱ्या राज्यात कार्ड चालण्याची सोय देशात सुरू झाली ती 2019 च्या ऑगस्टमध्ये, आणि सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र-गुजरातची जोडी होती. देशातले पहिले आधार कार्डही याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीला, 29 सप्टेंबर 2010 रोजी दिले गेले. आणि घरी? वनहक्काच्या कायद्याखाली स्वतः कसत असलेल्या जमिनीचा पट्टा मागायचा, तर आपण 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ती कसतो हे सिद्ध करावे लागते. “तुम्हाला परक्या देशात राहण्यासाठी कागद लागतात,” गुरुजी हसून म्हणाले, “आम्हाला आमच्याच डोंगरात लागतात.”

मी विचारले, मग एवढ्या ये-जा करण्यात गाव टिकते कसे? गुरुजींनी ‘लाह’ची पद्धत सांगितली. कोणाचे घर बांधायचे असो की शेत निंदायचे, पाड्यावरची माणसे एकत्र येऊन ते काम करतात. मजुरी नाही, जेवण असते. उद्या दुसऱ्याच्या घरी तुम्ही जायचे. होळीचा तो बांबूही असाच उभा राहतो. एकट्याने उभा करण्याची ती वस्तूच नाही.

मगरिबला आम्ही घाटात होतो. गाडी कडेला लावली, खजूर आणि पाण्याने रोजा सोडला, नमाज पढलो. खाली दूरवर अक्कलकुव्याचे दिवे लागत होते. तिथेच जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम आहे. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानचे मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी ती 1979 मध्ये सुरू केली. पुढे अक्कलकुवा आणि त्यांचे नाव वेगळे काढता येईनासे झाले. बाहेरून आलेला माणूस एखाद्या जागेचा होतो तो असा, तिथल्या लोकांच्या उपयोगी पडून. व्हिसाच्या अर्जात याला जागा नसते, पण गाव हेच पाहते.

भाईजान बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “ती कणगी पाहिलीस? हजच्या इस्तिताअतचा मसला तोच नाही का?”

खरोखर तोच आहे. हज फर्ज होण्यासाठी ऐपत हवी, हे आपण सगळे जाणतो. पण फुकहांनी ऐपत मोजताना फक्त जाण्या-येण्याचा आणि तिथे राहण्याचा खर्च धरला नाही. ज्यांचा नान-नफ्का आपल्यावर आहे, त्यांचा आपण परत येईपर्यंतचा खर्चही धरला, आणि कर्जही बाजूला काढायला सांगितले. मागच्यांची सोय झाली नसेल तर खिशात प्रवासाचा पैसा असूनही माणूस ऐपतदार ठरत नाही. जगातले हे सगळे व्हिसे येणाऱ्याची थैली मोजतात, कारण त्यांना तेवढेच पाहायचे असते. मागे राहणाऱ्यांची कणगी कोणताही दूतावास मोजणार नाही. ती आपणच मोजायची. ऊसतोडीला जाणारा काठीचा तरुण ती दरसाल मोजतो, तर कोटींची बचत दाखवणाऱ्यांना ती सुटेल कशी?

त्या रात्री तरावीहनंतर भाईजाननी खिशातला कागद काढला आणि आकड्यांच्या शेजारी एक नवा रकाना आखला. वर लिहिले, ‘मागे’. त्यात बहिणीच्या हिश्शाचे राहिलेले पैसे आले. त्या सालची जकात आली. गोदामावर बावीस वर्षे राबलेल्या हमालाचे नाव आले. मावशींचा काटा आला, आणि त्यापुढे त्यांनी एका नेक तरुण व्यापाऱ्याचे नाव लिहून प्रश्नचिन्ह केले. रकाना भरत गेला तसा 31 मार्च मागे पडला. ठरले ते असे. गोदाम तूर्त विकायचे नाही. त्या हंगामाचा आमचूर घ्यायचा, मावशींची गाठ त्या तरुणाशी घालून द्यायची. मग दोघांनी साध्या भेटीच्या व्हिसावर दोन-तीन महिने शारजात राहून पाहायचे. तिथला उन्हाळा, घरभाडे, दवाखान्याचा खर्च, मुलगा-सून कामावर गेल्यानंतरची दुपार, हे सगळे अंगावर घेऊन पाहायचे आणि मगच कायमचा विचार करायचा.

जाणे चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. रिज्कासाठी, लेकरांसाठी, इलाजासाठी आपली माणसे पिढ्यान्पिढ्या समुद्रापार गेली आहेत. कोकणातली कितीतरी घरे त्यावरच उभी राहिली. नातवंडांजवळ म्हातारपण घालवावे ही भाभीजानची इच्छा मला अगदी रास्त वाटते. फक्त आपल्या घरात असा कागद तयार होत असेल, तर त्यावर तो दुसरा रकाना असावा, आणि तो एकट्याने न भरता ज्यांची नावे त्यात येणार आहेत त्यांना समोर बसवून भरावा.

आमच्या कागदावर एक ओळ अजून रिकामी आहे. अम्मी शहात्तर वर्षांच्या आहेत आणि नंदुरबार सोडायला तयार नाहीत. त्यांच्या नावापुढे औषधाचे, डॉक्टरचे, मोलकरणीचे पैसे भाईजाननी लिहिले आहेत, आणि हात राखून लिहिलेले नाहीत. पण रात्री दोन वाजता त्यांनी हाक मारली तर कोण उठणार, त्याचे नाव लिहायचे आहे. भाईजान गेले तर ते काम माझ्या घरावर येते. ते मला मान्य आहे, किंबहुना ती माझ्यासाठी नेमतच आहे. मात्र अर्ध्या रात्री ते माझ्या पत्नीला उठावे लागेल. तिची शाळेची नोकरी आहे, तिचीही आई आजारी असते. तिच्याशी बसून बोलणे होईपर्यंत त्या ओळीत नाव लिहू नका, असे मी भाईजानना सांगितले आहे.