नादकाटा

गेल्या आषाढात, माझ्या हाताखाली शिकणाऱ्या डॉक्टर मुलीने रोग्याच्या घोट्यावरून उचललेला सेकंदाला १२८ कंपनांचा नादकाटा माझ्या बोटाला टेकवून "सर, अजून कंप आहे ना?" असे विचारले, तेव्हा मला काहीही जाणवत नव्हते, तिच्या बोटाला मात्र तो स्वच्छ कळत होता. माझ्या बोटाचे माप चुकत नाही, याचा मला तीस वर्षे मोठा अभिमान होता.

एड्सच्या रोग्यांच्या पायांनी मला चकविले ते याच अभिमानापायी. ज्या तळव्याला काट्याचा कंप कळत नाही, तोच तळवा रात्री निखाऱ्यावर धरल्यासारखा पेटतो आणि त्याला चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. बधिरपणा मोजता येतो. आग मात्र रोग्याने सांगावी आणि आपण मानावी. ते मानणे मला फार जड गेले.

२००४ साली एड्सवरची सरकारी मोफत औषधे सुरू झाली; त्यांतल्या स्टॅव्ह्युडीनने मरणाच्या दारातली माणसे उठविली आणि त्यांच्याच पायांच्या नसा जाळल्या. त्या काळी एक विधवा बाई "पाय पेटल्यात, डॉक्टर" म्हणत येई. मी काटा लावी, कागदावर नोंद करी आणि अमिट्रिप्टिलीन वाढवी. या दुखण्यात त्या गोळीचा गुण औषध नसलेल्या गोळीहून अधिक नाही, हे १९९८ सालच्या चाचणीने दाखविले होते व मला ते ठाऊक होते. मॉर्फिन मागावे, तर ज्या देशात गाझीपूर आणि नीमचच्या सरकारी कारखान्यांत अफू येऊन पडते, त्याच देशात १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याचे परवाने आणि दाखले गोळा करता करता आमच्या रुग्णालयाचे कपाट रिकामेच राही. २०१४ साली कायदा सैल झाला. दप्तरातली भीती सैल झाली नाही. ती बाई रात्रभर परातीतल्या पाण्यात पाय बुडवून बसे, हे मला तिच्या मृत्यूनंतर शेजारणीकडून कळले.

शून्य ते दहाचा तक्ता पुढे करून वेदना दोन मिनिटांत उरकणारे हल्लीचे डॉक्टर मला आवडत नाहीत. पण काटा लावून ती उरकणारा मी त्यांच्याहून वेगळा नव्हतो.

आषाढातल्या त्या दिवशी मुलीने काटा खिशात ठेवला, खाटेच्या पायथ्याशी बसली आणि विचारले, "मावशी, रात्री पाय कुठं ठेवता?"

"फरशीवर. गार लागंल तिथं. पोरं निजली की खाली उतरते."

केसपेपरावर आकड्याच्या चौकटीत तिने ते शब्द जसेच्या तसे उतरविले, आणि त्याखाली सही करण्यासाठी कागद माझ्यापुढे धरला.