काटा खरा बोलला पाहिजे

ट्रकच्या मागे काय लिहिले आहे ते सारा रस्ता वाचतो. परंतु ट्रकच्या आत, ड्रायव्हरच्या समोरच्या फळीवर जे पाच-सहा काटे हलत असतात, ते वाचणारा माणूस एकच असतो. त्या काट्यांवर त्याचा जीव, किन्नराचा जीव आणि रस्त्यावरच्या कित्येकांचे जीव अवलंबून असतात. आज त्या फळीविषयी चार शब्द लिहावेत असे आम्ही योजले आहे.

आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते तेहतीस वर्षे ट्रकवर होते. आम्ही स्वतः बी. कॉम. होऊन माल वाहतुकीच्या ऑफिसात कारकुनी करतो. धाकट्या भावाने आय. टी. आय. मध्ये सुतारकाम शिकून घेतले. म्हणजे घरात एकाने गाडी चालवली, एकाने बिल्ट्या फाडल्या आणि एकाने लाकूड रंधले. त्यामुळे गाडी हा आमच्या जेवणाच्या ताटावरचा विषय आहे.

आजच्या मुलांना सांगून खरे वाटणार नाही, पण त्या काळी ट्रक अर्धा कारखान्यात आणि अर्धा सुताराच्या हाताखाली तयार होत असे. टाटांच्या कंपनीने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून 1954 साली जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. तो करार 1969 पर्यंत टिकला. इकडे मुंबईत, कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज आणि फार्गो ट्रक तयार होत. पुष्कळदा मालकाच्या हाती यायची ती नुसती चॅसी, इंजिन आणि पुढचे तोंड. केबिन, दरवाजे, टप आणि मागचा हौदा बॉडीवाला मिस्त्री लाकडाचा करून देई. आपली एस. टी. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी धावली, तेव्हा सुरुवातीच्या त्या बेडफर्ड गाड्यांची बॉडीही लाकडाचीच होती. या देशाचा माल आणि माणसे सुतारांच्या हातकामावर बसून फिरली आहेत. त्या हातांची नावे मात्र कोठे लिहिलेली नाहीत.

गेल्या वर्षी भावाकडे एक वेगळेच काम आले. एका शेठजींनी आपल्या वडिलांचा साठ सालानंतरचा टाटा-मर्सिडीज ट्रक दुरुस्त करून ठेवायचे मनावर घेतले. मीटर बसवायची मूळची पत्र्याची फळी गंजून तिची चाळण झाली होती. तिच्या जागी सागवानी फळी पाहिजे होती. रविवारी आम्ही आणि आबा भावाच्या हाताशी बसू लागलो.

भावाने जुन्या दाराच्या चौकटीचे सागवान घेतले. ते वर्षानुवर्षे मुरलेले असल्याने उन्हापावसात वाकत नाही. लहान मीटरची भोके 52 मिलिमीटरची आणि मधले वेगाच्या मीटरचे मोठे. आधी पुठ्ठ्यावर कापून पाहिले आणि मगच लाकडाला हात लावला. मीटर मागून ज्या पट्टीने आवळतात ती पातळ पत्र्यासाठी केलेली असते. म्हणून लाकूड पाठीमागून खोदून तेवढ्या जागी पातळ केले. पॉलिशही मुद्दाम चकाकीचे केले नाही. चकाकी असली की रात्री तिची झाक समोरच्या काचेत दिसते आणि रस्ता फसवा होतो.

खरी मेख पुढे होती. जुने वायरमन काका आले आणि म्हणाले, "पोरा, पत्र्याच्या फळीत मीटरला आपोआप अर्थ मिळतो. लाकडातून अर्थ जात नाही. प्रत्येक मीटरची काळी वायर वेगळी ओढून चॅसीला बांध. नाहीतर काटा एक तर हलणार नाही, नाहीतर खोटे बोलेल." ॲमीटरबद्दल तर त्यांनी दोनदा बजावले. त्यातून चार्जिंगचा भारी करंट जातो. जोड ढिला राहिला तर तो तापतो, आणि येथे तर मागे लाकूड आहे.

ऑइल प्रेशरचे मीटर साधे आहे. इंजिनपासून एक बारीक नळी थेट मीटरपर्यंत येते. मीटरच्या पोटात चपटी, वाकडी नळी असते. दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा ओढते. यूजीन बूर्दों या फ्रेंच माणसाने 1849 साली तिचे पेटंट घेतले. पावणेदोनशे वर्षे झाली तरी ती नळी काम देते आहे.

एवढे सगळे चालले असताना शेठजींचा मुकादम येऊन म्हणाला, "कशाला एवढी कटकट करता? गाडी कार्यक्रमात उभी राहणार. तबकड्या नुसत्या चिकटवून द्या, फोटोत छान दिसल्या म्हणजे झाले."

आबा सहसा मध्ये बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "गाडीला चाके आहेत ना? मग कधीतरी ती चालणार. आणि चालवणारा कोणाचा तरी मुलगा असणार."

आबांच्या या बोलण्यामागे एक दुखणे आहे. त्यांच्या सोबतीचा एक ड्रायव्हर हवेच्या ब्रेकची गाडी चालवत असे. हवेच्या दाबाचा काटा दोन महिने बंद होता. मालकाला सांगितले की उत्तर ठरलेले असे, "पुढच्या फेरीला बघू, आता चालवून घे." एके रात्री घाट उतरताना टाकीतली हवा संपत आली, हे त्याला ब्रेकवर पाय दिल्यावरच कळले. त्याने गाडी दरीकडे जाऊ दिली नाही, डोंगराला घातली. किन्नर वाचला, ह्याचा पाय गेला. घरी बायको आणि तीन मुले. नंतर चूक कोणाची ठरली? ड्रायव्हरची. काट्याची चौकशी कोणी केली नाही.

आम्ही हिशेबाची माणसे. खोटा ताळेबंद पैसा बुडवतो, खोटा काटा माणूस बुडवतो, हे आम्हाला तेव्हापासून पटलेले आहे.

आम्ही शेठजींना जाऊन भेटलो आणि सरळ सांगितले. शेठजी समजुतीचे निघाले. बिल आम्हीच लिहून दिले. त्यात लाकूड वेगळे, मजुरी वेगळी आणि "सर्व मीटर चालू करून तपासणे" ही ओळ वेगळी. आपली कारागीर मंडळी अशी ओळ लिहीत नाहीत. त्यांची अक्कल फुकटात जाते आणि फळीचे तेवढे पैसे मिळतात.

गाडी रस्त्यावर काढली. ऑइलचा काटा वर चढला, ॲमीटर हलला. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर पाण्याचा काटा लाल खुणेकडे सरकू लागला. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन बंद केली. पाहतो तर पंख्याचा पट्टा सैल. पट्टा ताणला आणि गाडी थंड झाल्यावर पुढे निघाली. तबकड्या नुसत्या चिकटवल्या असत्या तर शेठजींच्या वडिलांचे ते इंजिन त्याच दिवशी बसले असते. मुकादम काही बोलला नाही, पण त्याने भावाला चहा पाजला.

आता नव्या ट्रकमध्ये काट्यांच्या जागी पडदा आणि दिवे आले आहेत. 2025 पासून नव्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण रस्त्यावर जुन्या गाड्या पुष्कळ आहेत आणि त्या आपल्याच वस्तीतले लोक चालवतात. म्हणून ड्रायव्हर बंधूंना आमचे सांगणे आहे. ऑइलचा काटा चालत्या गाडीत पडला तर इंजिन तत्काळ बंद करा. पाणी उकळले तर रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका. हवा पुरेशी भरल्याशिवाय गाडी जागची हलवू नका. बंद काट्याची तक्रार तोंडी न करता कागदावर लिहून द्या आणि एक प्रत घरी ठेवा. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्या.

आणि आमच्या माताभगिनींनो, तुम्ही पहाटे उठून डबा बांधून देता, दारापर्यंत येता. तेव्हा एवढे एकच विचारत जा, "काटे सगळे चालतात ना?" विचारणारे घरात कोणी असले की माणूस मालकापुढे ठाम उभा राहतो.