एका जुन्या खेळातले सर्वनाम

कथनमीमांसेच्या तासाला द्वितीयपुरुषी निवेदनाची उदाहरणे देताना माझी नेहमीच थोडी पंचाईत होते. 'मी' आणि 'तो' यांच्या कथा हव्या तितक्या सापडतात. 'तू' म्हणत चालणारी कादंबरी मात्र शोधावी लागते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका तासाला मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याने सांगितले, की चित्रे नसलेल्या, केवळ शब्दांनी खेळायच्या जुन्या संगणकीय खेळांत असे निवेदन सर्रास असे. त्याने एक नावही दिले : 'ॲडव्हेंचर'. व्हिडिओ गेम म्हणजे गोळीबार आणि मोटारींच्या शर्यती, एवढीच माझी समजूत. त्या रात्री निव्वळ कुतूहलाने खेळायला बसले आणि पुढचे तीन आठवडे त्यातून बाहेर पडले नाही.

खेळाचे स्वरूप अगदी साधे आहे. पडद्यावर चार ओळींचे वर्णन उमटते : रस्ता, विटांचे लहानसे घर, जंगल, एक ओहोळ. मग सारे स्तब्ध. पुढे काय करायचे ते खेळणाऱ्याने टंकायचे, तेही एका किंवा दोन इंग्रजी शब्दांत. आत जा, दिवा घे, दक्षिणेकडे चल. घरात किल्ल्या, दिवा, खाणे आणि पाण्याची बाटली मिळते. ओहोळाच्या कडेने गेले की पाणी खडकात नाहीसे होते, आणि थोडे पुढे जमिनीत एक लोखंडी जाळी लागते. तिच्याखाली गुहा.

पहिल्या संध्याकाळी माझी चांगलीच जिरली. मी पूर्ण वाक्ये लिहीत होते, यंत्राला त्यांचा अर्थ लागत नव्हता. प्रत्येक शब्दाची पहिली पाच अक्षरेच ते पाहते, हे मागाहून कळले. आयुष्यभर विशेषणांची पारख करून पोट भरणाऱ्या मला इथे क्रियापद आणि नाम यांपलीकडे काहीच चालणार नव्हते. पण या दारिद्र्यामुळेच वाचन बारकाईने होऊ लागले. गुहेत एक पक्षी आहे. तो पिंजऱ्यात धरायचा असतो, पण जवळ गेले की घाबरतो. बराच वेळ झगडल्यावर उमगले, की त्याला भीती माझ्या हातातल्या काठीची आहे. काठी खाली ठेवली आणि पक्षी हाती आला. मग एक चक्रव्यूह लागतो. तिथली सगळी वळणे वर्णनात हुबेहूब सारखी. त्यातून सुटायचे तर प्रत्येक ठिकाणी आपल्याजवळची एकेक वस्तू टाकत जायचे, म्हणजे जागा ओळखू येतात. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर मी नकाशे काढू लागले. गुहेचे पूर्ण ३५० गुण मला आजवर मिळालेले नाहीत. असो.

हा खेळ कोणी आणि का लिहिला, हे त्यानंतर वाचले. विल क्राउदर हे अमेरिकी प्रोग्रॅमर, आजच्या इंटरनेटची पूर्वज असलेली आर्पानेट ही यंत्रणा उभारणाऱ्यांपैकी एक. त्यांना आणि त्यांच्या पत्नी पॅट यांना गुहा धुंडाळण्याचा छंद होता. केंटकी राज्यातील फ्लिंट रिज आणि मॅमथ केव्ह या दोन गुहाप्रणाली आतून जोडलेल्या आहेत, हे १९७२ साली ज्या तुकडीने शोधले तिच्यात पॅट होत्या. गुहांच्या मोजमापांवरून संगणकाच्या साहाय्याने नकाशे करण्याचे काम हे दांपत्य घरी बसून करत असे. पुढे त्यांचा घटस्फोट झाला. क्राउदर यांनी नंतर सांगितले आहे, की त्या दिवसांत गुहा सुटली होती, मुली दुरावल्यासारख्या झाल्या होत्या. म्हणून आपल्या गुहाभ्रमंतीचे एक कल्पित रूप, जे मुलींना खेळताही येईल, असे काहीतरी लिहायचे त्यांनी ठरवले. १९७५-७६च्या सुमाराचा तो मूळ प्रोग्रॅम फोरट्रान भाषेतला, आणि त्याचा शब्दसंग्रह १९३ शब्दांचा. १९७७ साली स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी तो वाढवला आणि त्याच रूपात तो जगभर पसरला. डेनिस जर्झ या अभ्यासकाने मूळ प्रोग्रॅम मिळवून आणि प्रत्यक्ष गुहेत उतरून २००७ साली दाखवून दिले, की खेळातल्या जागा बऱ्याच अंशी खऱ्या गुहेबरहुकूम आहेत. बुटके आणि जादू कल्पित; वाटा मात्र मोजलेल्या.

वर्गासाठी खेळाच्या पहिल्या काही ओळींचे मराठी करू पाहिले, तेव्हा खरी अडचण पुढे आली. इंग्रजीतले ते सर्वनाम लहानमोठे ओळखत नाही, स्त्रीपुरुषही ओळखत नाही. मराठीत पहिल्याच वाक्याला ठरवावे लागते : तू की तुम्ही? उभा की उभी? विद्यार्थ्यांनी एकमुखाने 'तुम्ही उभे आहात' असे सुचवले. समोर कोण आहे हे ठाऊक नसताना असे अनेकवचन चालून जाते, त्यामुळे तो पर्याय निर्धोक आहे. पण क्राउदर हे वाक्य कोणाला उद्देशून लिहीत होते? डोळ्यांसमोर आपल्या मुली ठेवून. म्हणजे पहिल्या लेखनापुरते तरी त्याचे मराठी 'तू उभी आहेस' असेच व्हायला हवे. पुढे हजारो अनोळखी माणसे त्याच सर्वनामात शिरून खेळली आणि आपण दुसऱ्या कोणाच्या जागी उभे आहोत हे त्यांना जाणवलेही नाही. इंग्रजीने ही सोय करून दिली. आपल्या भाषेत एकतर मुलगी राहिली असती, नाहीतर ती हजारो माणसे.

'तू उभी आहेस' हे शब्द फळ्यावर लिहिले आणि मला पुढे शिकवता येईना.

माझे वडील भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. मी दहा वर्षांची असताना ते आणि आई वेगळे झाले. एका तालुक्याच्या गावाहून दुसऱ्या अशा त्यांच्या बदल्या होत राहिल्या आणि प्रत्येक नव्या ठिकाणाहून मला आंतर्देशीय पत्र येई. 'चि. ताईस अनेक आशीर्वाद' एवढे झाले की मायेचा मजकूर संपला. पुढे कधीही 'आठवण येते' नाही की 'चुकले' नाही. असे ते फक्त गावाचा शाईने काढलेला नकाशा आणि त्याखाली सूचना : अमक्या देवळापाशी उजवीकडे वळ, नदी डाव्या हाताला ठेव, विहिरीच्या पुढचे तिसरे घर. मला त्या पत्रांचा संताप येई. सरकारी कागदासारखी पत्रे लिहिणाऱ्या माणसाला मुलीशी बोलता येत नाही, असे मी ठरवून टाकले. एकाही पत्राला उत्तर दिले नाही, एकाही गावी गेले नाही. २००९ साली ते गेले.

तासानंतर घरी येऊन आईच्या ट्रंकेतली पत्रे काढली. अकरा निघाली. चाळीस वर्षांनी ती पहिल्यांदा वाचली म्हणावे लागेल, कारण तेव्हा मी त्यांत विशेषणे शोधत होते. ती क्रियापदांत लिहिलेली होती : उतर, वळ, ओलांड, थांब. आणि सगळी 'तू'मध्ये. 'पूल ओलांडलास की दमशील, पाराखाली जरा बस,' असे एका पत्रात आहे. ज्या वाटेने मी कधी चालले नाही, तिच्यावर मी कुठे दमेन याचाही त्यांनी हिशेब केला होता.

यातून त्यांचे सगळे माफ झाले असे मी म्हणणार नाही. आईने काढलेली वर्षे मी पाहिलेली आहेत. एका खेळाने आयुष्याचा निवाडा होत नसतो, आणि क्राउदर यांच्या घरातही खेळ लिहिल्याने मोडलेले जुळले नाही. मला एवढेच कळले, की माणूस आपल्याजवळ असलेल्या भाषेतच बोलावणे धाडतो. ज्याच्याजवळ नकाशा आहे तो नकाशा धाडतो. ते वाचायचे तर आधी आपल्या हातातली काठी खाली ठेवावी लागते.

अकराही नकाशे मी टेबलावर मांडून पाहिले. मोजणीदाराचा नकाशा हद्दीच्या दगडापासून सुरू होतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. या अकरांपैकी एकही तसा नाही. प्रत्येक नकाशा एस.टी. स्टँडपासून सुरू होतो.