गाडी हवी की खुर्ची?

भाईजान दीड वर्षांचे असताना त्यांना पोलिओ झाला. आता ते बावन्न वर्षांचे आहेत. घरात ते जमिनीवर हातांच्या जोरावर सरकतात आणि बाहेर हाताने पेडल मारायची तीनचाकी सायकल चालवतात. मालेगावात आमच्या घरापासून त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान सव्वा किलोमीटरवर आहे. हा रस्ता त्यांनी तीस वर्षं स्वतःच्या खांद्यांवर काटला. गेल्या पावसाळ्यापासून उजवा हात खांद्याच्या वर जाईना. सायकल ओढून दुकानात पोहोचलं की पंधरा-वीस मिनिटं बोटं थरथरतात, आणि घड्याळाचा बारीक स्क्रू थरथरत्या बोटांनी बसत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की पोलिओ झालेल्या माणसाचे चांगले राहिलेले स्नायूही कित्येक वर्षांनी थकू लागतात. उरलेली ताकद आता जपून खर्च करा, सायकल सोडा. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ साली हावडा जिल्ह्यात सापडला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. शाळेत मी हे दरवर्षी मुलांना सांगते. पण ज्यांना आधीच पोलिओ झाला होता ती पिढी आता पन्नाशीत आहे आणि तिचे खांदे दुखताहेत, हे कुठल्या धड्यात येत नाही.

मोटार लावलेलं काहीतरी घ्यायचं, यावर घरात एकमत होतं. काय घ्यायचं, यावर नव्हतं. भाईजान एका वाक्यावर अडून बसले होते : ‘‘गाड़ी चाहिए, कुर्सी नहीं.’’

त्यांची गाडी म्हणजे मोबिलिटी स्कूटर. पुढे हँडल, मध्ये सीट, पायाखाली सपाट फळी, आणि वर पुढे टोपली. हँडलवरचा खटका दाबला की चालते, सोडला की थांबते. सरकारच्या एडीआयपी योजनेतून शिबिरात जी बॅटरीवरची तीनचाकी देतात, ती मला तरी या स्कूटरचीच थोरली बहीण वाटते. कुर्सी म्हणजे पॉवर व्हीलचेअर. तिला हँडल नसतं, हाताच्या टेकूवर जॉयस्टिकची छोटी दांडी असते. दोन चाकांना दोन वेगळ्या मोटारी असतात. एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरलं की खुर्ची उभ्या जागी वळते. स्कूटरला मात्र रिक्षासारखा वळसा लागतो.

भाईजानांचं म्हणणं मला कळत होतं. हँडलमागे बसलेल्या माणसाला लोक विचारतात, ‘‘कुठे निघालात?’’ खुर्चीतल्या माणसाला विचारतात, ‘‘काय झालं?’’ त्यातही खुर्ची कुणी ढकलत असेल तर प्रश्न ढकलणाऱ्याला विचारतात. तीस वर्षं स्वतःच्या गाडीने दुकानावर गेलेल्या माणसाला उतारवयात पेशंट व्हायचं नव्हतं. यात मला हट्ट दिसला नाही.

मी शिक्षिका. कुठलीही गोष्ट आधी वाचून काढायची ही माझी सवय, आणि वाचताना मला एक गोष्ट सापडली. विजेवर चालणारी खुर्ची दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडात जॉर्ज क्लाइन या इंजिनिअरने विकसित केली. पाठीचा कणा दुखावलेल्या आणि हातही नीट न चालणाऱ्या सैनिकांसाठी. स्कूटर १९६८ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात अॅलन थीम यांनी बनवली, मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या आपल्या घरच्या माणसासाठी. म्हणजे स्कूटर बनली ती नीट बसू शकणाऱ्या, दोन्ही हात पुढे धरू शकणाऱ्या, जमल्यास चार पावलं टाकून सीटवर चढणाऱ्या माणसासाठी. खुर्ची बनली हातांनी साथ सोडलेल्यांसाठी. दोघींचं काम मुळातच वेगळं होतं. भाईजानांचे हात कुणीकडे चालले होते ते उघड होतं, पण हे त्यांना तोंडावर सांगायला माझी जीभ रेटेना.

शेवटी बोलल्या त्या भाभी. आम्ही भावंडं आणि माझे मियाँ रस्ता, खड्डे, किलोमीटर, चार्जिंग यावर तासभर बोलत होतो. भाभी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘‘रस्त्यावर ते दोन तास असतात. बाकीचे बावीस तास मी त्यांना उचलते. त्याचं काय करताय?’’

हे कुणी मोजलंच नव्हतं. सायकलवरून खाली, खालून पलंगावर, पलंगावरून खाली, न्हाणीघर, पुन्हा वर. पूर्वी हे सगळं भाईजान स्वतःच्या हातांनी करायचे. खांदा गेल्यापासून भाभी काखेत हात घालून उचलतात. त्या स्वतः अठ्ठेचाळीसच्या, आणि कमरेला पट्टा बांधतात.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येताना शिंप्याचा टेप घेऊन गेले. बाहेरचा दरवाजा एकोणतीस इंच, आतला सत्तावीस. आम्ही बघितलेली खुर्ची चोवीस इंच रुंद. आत जाते, वळते. स्कूटर जवळजवळ चार फूट लांब. ती आत येते, पण तशीच मागे घ्यावी लागते. म्हणजे ती दारातच उभी राहणार आणि दारापासून पुढे पुन्हा भाभींची कंबर. सरकारी तीनचाकीचंही तेच. आपल्याकडे व्हीलचेअरला पुढून मोटारीचं चाक जोडायची सोयही निघाली आहे, तरुण मुलं त्यावर झकास फिरतात. पण ते चाक काढलं की घरात खुर्ची हातानेच ढकलायची, मग आमचा प्रश्न होता तिथेच.

न्हाणीघराचा दरवाजा बावीस इंच निघाला. त्याची चौकट काढायचं ठरलं. खर्चाचं नंतर बघू, असं भाभीच म्हणाल्या.

मग भाईजानांनी खरी हरकत काढली. ती रस्त्याची नव्हतीच. आमच्याकडे जेवण जमिनीवर, दस्तरखानाभोवती. ‘‘मी वर बसून खाणार आणि तुम्ही सगळे माझ्या पायाशी?’’ यावर मला उत्तर सुचलं नाही. जमिनीवर सरकणाऱ्या माणसाचं घर जमिनीवरच मांडलेलं असतं : पाण्याचा माठ खाली, स्विच खाली, कपडे खालच्या फळीवर. खुर्ची आली की सगळं घर वीस इंच वर उचलावं लागतं. खुर्चीच्या किमतीत हे कुणी धरत नाही. शेवटी सुताराला सांगून खुर्चीच्या सीटइतक्याच उंचीचा रुंद तख्त करून घेतला. खुर्चीचा बाजूचा टेकू वर उचलायचा आणि भाईजान आडवे सरकून तख्तावर. कुणी उचलायला नको. दस्तरखानही आता तख्तावरच अंथरतो. मुलं दाटीवाटीने बसतात, भाभी कडेला.

दुकानाच्या बाबतीत भाईजान स्वतःच वळले. स्कूटरवरून गेलं तरी उतरून बाकावर चढावं लागणार. खुर्ची टेबलाखाली थेट आत जाते, टेकूवर कोपर टेकतं आणि हात स्थिर राहतो. दुकानदाराकडे त्यांनी खुर्चीत बसून खिशातून चिमटा काढला आणि हवेत धरून पाहिला. बराच वेळ धरून होते.

रस्ता मात्र खुर्चीला नावडतो, हे खोटं बोलून उपयोग नाही. पुढची चाकं लहान. गटारावरच्या जाळीत अडकतात. सायकलच्या मोठ्या चाकांना खड्डा कळायचाही नाही, आता प्रत्येक खड्ड्याला वळसा घालावा लागतो. पावसात काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. जॉयस्टिकवर प्लास्टिकची पिशवी बांधून पाहणार आहोत. मशिदीला पुढून तीन पायऱ्या आहेत. चाकं ओल्या फडक्याने पुसून आत घ्यायला कुणाची हरकत नाही, पण तीन पायऱ्या फडक्याने पुसल्या जात नाहीत. बाजूच्या दाराला उतार करायचं जमातीत बोलणं चालू आहे. तोवर जुम्म्याला चार पोरं खुर्ची उचलतात आणि भाईजान वर बघत राहतात, कुणाकडेच न बघता.

घराचा उंबरा गल्लीपासून सहा इंच उंच. नियम असा की एक इंच चढायला बारा इंच उतार हवा, म्हणजे सहा फूट. आमची गल्लीच सात फुटांची. कारखान्यांची कामं करणाऱ्या एका वेल्डिंगवाल्याने पत्र्याचा दुमडणारा उतार करून दिला. तो सकाळी अंथरायचा, गाडी गेली की उचलायचा, संध्याकाळी पुन्हा. समोरच्या घरातल्या खालांना आधी विचारून घेतलं, कारण उताराचं टोक त्यांच्या पायरीला लागतं. त्या म्हणाल्या, उतार ठेवायचाय ना, माझ्या भिंतीला टेकवून ठेव.

बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल, असं दुकानदार म्हणाला. त्यासाठी भाभींनी एका डब्यात दर महिन्याला सातशे रुपये टाकायला सुरुवात केली आहे. जुनी सायकल भाईजानांनी विकू दिलेली नाही. ती जिन्याखाली आहे, तिच्या चाकांत हवा ते स्वतः बघतात.