उत्तरार्धाची कारागिरी

मारधाडपटाच्या दुसऱ्या भागाला साहित्याचे वाचक सहसा 'तांत्रिक बाजू चांगली' एवढे म्हणून निरोप देतात. प्रशांत नील दिग्दर्शित 'केजीएफ : चॅप्टर २' (२०२२) शहापूर-मुरबाडकडच्या माझ्या विद्यार्थ्यांनी हिंदीत पाहिला आणि त्याचे संकलन पुरस्कारास पात्र ठरवले. मोटारींच्या पाठलागात पडदा मधूनमधून काळा होतो, तिथे संकलकाचा हात दिसतो, हा त्यांचा मुद्दा. मला तिथे शैलीची हौस अधिक आणि आशयाची निकड कमी जाणवली.

२०२४ मध्ये जाहीर झालेल्या ७०व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत या चित्रपटातील साहसदृश्यांसाठी अन्बरिव या जोडीचा गौरव झाला. तो रास्तच होता. संकलनाचा मान मात्र मल्याळम 'आट्टम'ला मिळाला. त्यात एका नाटकमंडळीतले बारा पुरुष आणि एक स्त्री आहेत, आणि बरीचशी चर्चाच आहे. पण कोणता चेहरा किती वेळ दिसतो, यावर आपण कोणावर विश्वास ठेवतो हे ठरत जाते.

कवितेत आपण अनुप्रास मोजत नाही. तो अर्थाला काय देतो, हे पाहतो. मारधाडपटालाही हीच कसोटी लावावी. सवलतीचे गुण देणे हाही उपेक्षेचाच एक प्रकार आहे.