चापडा पेटीत राहील का?

आमच्या गोव्यात पावसाळ्यात कुळागरात शिरताना मोठी माणसं एक गोष्ट हमखास सांगतात: मिरवेलीत हात घालण्याआधी नीट बघ. तिथे चापडा बसलेला असू शकतो. हा मलबारी चापडा पश्चिम घाटाबाहेर कुठेच आढळत नाही. विषारी, झाडाझुडपांवर राहणारा, कधी हिरवा, कधी पिवळा, कधी तपकिरी. आणि बसला की एकाच जागी दिवसच्या दिवस बसतो.

त्याच्या या बसण्यामुळेच कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या भाच्याच्या डोक्यात किडा वळवळला. "मामा, हा हलत नाही, अंगावर येत नाही. काचेच्या पेटीत फांदी लावून ठेवला तर?" परदेशात असे साप घरी पाळणारे लोक त्याने व्हिडिओत पाहिले होते. पेटीची किंमतही काढली होती. त्या घरात त्याची आजी आहे आणि चार वर्षांची चुलत बहीण.

रागावण्यात अर्थ नव्हता. आम्ही वही घेऊन बसलो.

पहिली गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानातला साप पकडून घरी ठेवणं हा गुन्हा आहे. "समजा, कायदा नसता तर?" त्याने विचारलंच. मग पुढे लिहीत गेलो. घाटातला गारवा आणि दमटपणा पेटीत बारा महिने टिकवायचा. वाटीत पाणी ठेवून भागेलच असं नाही. झाडावरचे असे साप पानांवरचे, स्वतःच्या अंगावरचे थेंब पितात. खायला बेडूक, पाली, उंदीर. ते आणायचे कुठून आणि किती दिवस?

मग पेटी उघडायची वेळ. चापड्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये खळगी असते. तिने त्याला उष्णता जाणवते. अंधारातही आपला हात कुठे आहे ते त्याला कळतं. प्राणिसंग्रहालयात असे साप कुलूपबंद ठेवतात, लांब आकड्याने हाताळतात. आपल्या घरात कुलूप कोण लावणार, आणि एखाद्या दिवशी विसरलं तर?

चावलाच तर? आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनते. चापड्यासाठी नाही. त्याच्या दंशाने माणूस सहसा दगावत नाही, पण वेदना आणि सूज भयंकर असते. डॉक्टरांच्या हाती उरतात ते लक्षणांवरचे उपचार. ते चार वर्षांच्या पोरीच्या हातावर असतील तर, एवढंच मी विचारलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

शेवटी म्हणाला, "मग तो बसतो तरी कशाला?"

शिकारीसाठी. बेडूक जवळून जाईपर्यंत तो वाट बघतो. आपल्याला वाटतं तो माणसाळला. त्याचं तर काम चालू असतं.

पेटीचे पैसे भाच्याने चांगल्या टॉर्चवर घातले. तो आता घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन, पायात गमबूट घालून रात्री कुळागरात जातो. चार हात लांब उभा राहतो आणि वहीत लिहितो: कुठली फांदी, पाऊस होता का, तोंड कुठल्या बाजूला. एक पिवळा चापडा सलग पाच रात्री त्याच मिरवेलीवर होता. सहाव्या रात्री वेल रिकामी. त्या दिवशी जेवताना आजीनेच आधी विचारलं, "गेला का रे तो?"