प्रसादाचा शिरा

‘पथ्य’ म्हणजे पथाला, वाटेला अनुकूल असे, ही फोड आम्ही वर्गात अनेकदा सांगितली. लेकीला सीलिअ‍ॅक असल्याचे निदान झाले, तेव्हा ती वाट सोपी वाटली होती. गहू, जव वर्ज्य. ज्वारी, नाचणी, तांदूळ तर घरातलेच.

सत्यनारायणाच्या पूजेत वाट अडली. ‘प्रसाद कधी बाधत नाही,’ म्हणत आजीने तिच्या हातावर चिमूटभर शिरा ठेवला. लेकीने आमच्याकडे पाहिले. वडीलधाऱ्यांचा मान राखण्यासाठी आम्ही दोघांनीही नजर वळविली. रात्रभर ती पोट धरून कण्हत होती.

डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाचा हा दोष १९५० च्या प्रबंधात मांडला. हॉलंडमधील १९४४-४५ च्या उपासमारीत पाव दुर्मीळ झाला, तेव्हा अशी मुले सुधारल्याचे त्यांनी पाहिले होते. आजीला प्रबंध पटला नाही, पोथी पटली. गव्हाच्या अभावी तांदळाचे पीठ घ्यावे, असे त्या कथेतच सांगितले आहे. इतकी वर्षे हात जोडून ऐकूनही आम्हां भाषेच्या अध्यापकांच्या ते ध्यानात आले नव्हते. यंदा आजीने तांदळाचा रवा काढला, सव्वाच्याच मापाने.